माणूस चांगला आहे, एवढं पुरेसं आहे का?

बंदुकीच्या परवान्याचा अर्ज करायचा तर सोबत बरीच कागदपत्रं लागतात. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, शेतासाठी बंदूक हवी असेल तर सातबारा. ही कागदपत्रं कुठल्या ना कुठल्या खिडकीवर मिळतात. दोन गोष्टी मात्र खिडकीवर मिळत नाहीत. पहिली, अर्जदार शरीरानं आणि मनानं ठीक आहे, नशेच्या आहारी गेलेला नाही, असं डॉक्टरचं प्रमाणपत्र. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ते द्यावं लागतं. दुसरी, अर्जदाराला ओळखणाऱ्यांनी त्याच्या वागणुकीबद्दल दिलेला शब्द. कधी तो दाखल्यावर असतो, कधी पोलीस चौकशीला आल्यावर दिलेल्या जबाबात. सरकारी डॉक्टर या दोन्हींसाठी सोयीचा माणूस. त्याच्याकडे शिक्का असतो, नोंदणी क्रमांक असतो आणि गावातली निम्मी माणसं त्याच्या ओळखीची असतात.

माझ्या एका जुन्या मित्रानंही मागच्या हंगामात माझ्याकडून या दोन्ही गोष्टी मागितल्या. त्याला विचारूनच हे लिहितो आहे; नाव-गाव अर्थातच सांगत नाही. त्याचं वावर जंगलाला लागून आहे. पऱ्हाटीत आणि हरभऱ्यात रात्री रानडुकरं घुसतात, तुरीचा फडशा रोही पाडतात. जागलीला एकट्यानं जायची भीती वाटते. तो म्हणाला, ‘‘अबे, तू मले शाळेपासून वयखतं. दोन सह्या मार, माह्यं काम होते.’’

त्याची गरज खोटी नव्हती, हे आधी सांगतो. शहरात बसून ‘शेतकऱ्याला बंदूक कशाला?’ असं विचारणं सोपं आहे. आमच्या जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यातल्या लोकांनी टी-वन वाघिणीच्या दहशतीत दोन वर्षं काढली. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली, तोवर तेरा माणसांच्या मृत्यूंसाठी तिला जबाबदार धरलं गेलं होतं. उभं पीक एका रात्रीत गेलेल्या माणसाचा चेहरा मी ओपीडीत पाहतो. छातीत धडधडतं, झोप नाही, रक्तदाब वाढलेला. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. अर्थात बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. त्यासाठी वन विभागाची वेगळी परवानगी लागते. पण तो आजचा विषय नाही. आजचा विषय त्या दोन सह्यांचा आहे.

कुणी असा दाखला मागितला की आपण मनात एकच प्रश्न विचारतो : माणूस कसा आहे? भांडखोर आहे का, गुंड आहे का, कुणाच्या जिवावर उठेल का? उत्तर बहुतेक वेळा ‘छे, देवमाणूस आहे’ असं येतं आणि सही होते. वैद्यकशास्त्राच्या नजरेतून पाहिलं तर हा प्रश्नच अपुरा आहे. घरातल्या बंदुकीचा सगळ्यात मोठा धोका परक्याला नसतो. तो धोका ज्याच्या नावावर ती आहे त्याला आणि त्याच्या घरच्यांना असतो.

याचे आकडे अमेरिकेतून येतात, कारण बंदुका तिथेच जास्त आहेत आणि अभ्यासही तिथेच जास्त झाला. २०२२ साली तिथं बंदुकीनं ४८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतल्या सुमारे २७ हजार आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. कॅलिफोर्नियातल्या २ कोटी ६० लाखांहून अधिक प्रौढांचा बारा वर्षांचा अभ्यास २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. ज्या पुरुषांकडे हातबंदूक होती, त्यांच्यात बंदुकीनं आत्महत्येचं प्रमाण इतर पुरुषांच्या सुमारे आठपट निघालं; स्त्रियांमध्ये पस्तीसपट. हे लोक गुन्हेगार नव्हते. रीतसर बंदूक विकत घेतलेले, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लेखी चांगले लोक होते.

‘आपल्याकडे कुठे एवढ्या बंदुका आहेत?’ हा आक्षेप योग्य आहे. आपल्या जिल्ह्यात जीव घेणारी वस्तू बंदूक नाही, कीटकनाशकाचा डबा आहे. पण त्या डब्यानं आम्हा डॉक्टरांना जे शिकवलं, तेच बंदुकीलाही लागू पडतं. विष घेतलेला माणूस वॉर्डात येतो. पोट धुणं, अॅट्रोपिन, गरज पडली तर व्हेंटिलेटर. सगळे वाचत नाहीत, पण बरेच वाचतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो माणूस उठून बसतो आणि विचारलं तर सांगतो, ‘‘डोस्कं फिरलं होतं साहेब, काही समजलंच नाही.’’ आधी महिनाभर ठरवलं होतं, असं सांगणारे कमी असतात. भांडण झालं, सावकाराचा फोन आला, दारू पोटात होती आणि डबा हाताशी होता, असं सांगणारे जास्त. अमेरिकेत ह्यूस्टनला जिवावरच्या प्रयत्नातून वाचलेल्या तरुणांना विचारलं, तेव्हा साधारण चारातल्या एकानं सांगितलं की ठरवणं आणि करणं यांत पाच मिनिटंही गेली नव्हती. वाचलेल्यांचा पुढं अनेक वर्षं मागोवा घेणारे अभ्यासही झाले. त्यांत दहापैकी नऊ जण पुढं आत्महत्येनं मरत नाहीत, असं दिसलं. म्हणजे ती वाईट घडी टळली की बहुतेकांचं आयुष्य पुढं सरकतं.

बंदूक ही घडी टळू देत नाही. तिथं वॉर्डात यायला वेळ मिळत नाही, पश्चात्तापाला चौथा दिवस उजाडत नाही. अमेरिकी आकडेवारीनुसार बंदुकीनं केलेल्या दहा प्रयत्नांपैकी जवळजवळ नऊ जीव घेतात.

म्हणून साधन हातापासून थोडं दूर ठेवणं, हा उपाय साधा वाटला तरी परिणाम मोठा करतो. श्रीलंकेनं १९९० च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली आणि दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर निम्म्यावर आला. इस्रायलच्या सैन्यात २००६ मध्ये एक छोटा बदल झाला : आठवडाअखेरच्या सुटीवर घरी जाताना जवानांनी बंदूक तळावरच ठेवायची. त्यानंतर तरुण जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. जवान तेच होते, त्यांची मनं आणि त्यांचे ताण तेच होते. फक्त सुटीच्या दोन रात्री बंदूक उशाशी नव्हती.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. परवाना एकाच्या नावाचा असतो, कपाट मात्र सगळ्या घराचं असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायाला त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी लागली. ते बचावले. त्याच वर्षी फेब्रुवारीत दहिसरला अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह सुरू असताना हत्या झाली. मारेकऱ्यानं नंतर स्वतःलाही संपवलं. त्याच्या हातातलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं असल्याचं तपासात पुढं आलं. परवाना देताना ज्याचं चारित्र्य तपासलं तो एक, चाप ओढणारा दुसरा.

मग ओळखीच्या माणसाच्या शब्दाला किंमत किती? जगानं याचा अनुभव दोनदा फार महागात घेतला आहे. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत एकानं सोळा मुलं आणि त्यांच्या शिक्षिका यांना मारलं. त्याच्याकडच्या बंदुका परवान्याच्या होत्या. तेव्हा अर्जावर एखाद्या प्रतिष्ठिताची सही असली की पुरे असे. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनं ही सहीची पद्धत बंद करून, अर्जदाराला खरोखर ओळखणाऱ्या किमान दोघांकडून माहिती घ्यावी अशी शिफारस केली. पण दोघांना विचारूनही काय होतं, ते न्यूझीलंडमध्ये दिसलं. १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारणाऱ्याकडे परवाना होता. नियमाप्रमाणे त्याच्या जवळच्या नातेवाइकाला विचारायला हवं होतं. त्याऐवजी पोलिसांनी इंटरनेटवरच्या खेळातून ओळख झालेला एक मित्र आणि त्या मित्राचे पालक यांचा शब्द घेतला. हे दोघं खोटं बोलले, असं चौकशी आयोगानं म्हटलं नाही. अडचण ही होती की त्यांना अर्जदार फारसा माहीत नव्हता आणि कुणी खोलात जाऊन विचारलंही नाही.

आपल्याकडे तर बरेचदा एवढंही होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची चर्चा राज्यभर झाली. एका जिल्ह्यात बाराशेच्या घरात परवाने! मग फेरतपासणी सुरू झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. त्या प्रत्येक अर्जाला कधीतरी कुणीतरी ‘वर्तणूक चांगली’ म्हणून दुजोरा दिला असणार, कुण्या डॉक्टरनं ‘फिट’ म्हणून शिक्का मारला असणार. त्या सह्यांची फेरतपासणी झाल्याचं मात्र माझ्या वाचनात आलं नाही.

आता माझ्या मित्राकडे येतो. त्यानं दोन सह्या एकाच दमात मागितल्या होत्या, पण ती दोन वेगवेगळी कामं आहेत. वैद्यकीय प्रमाणपत्र हा तपासणीचा निष्कर्ष असतो. तो मैत्रीवर देता येत नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेत चुकीचं किंवा दिशाभूल करणारं प्रमाणपत्र देणं हे गैरवर्तन मानलं आहे, आणि ते बरोबरच आहे. शिवाय मित्राला तपासणारा डॉक्टर अवघड प्रश्न विचारायला कचरतो. दारू किती घेतोस, हे आपण मित्राला हसत विचारतो आणि हसत सोडून देतो.

आणि मला काही गोष्टी ठाऊक होत्या. वर्षभरापूर्वी त्याचा धाकटा भाऊ गेला. त्यानंतर कित्येक रात्री त्याला झोप नव्हती. एकदा रात्री घरी येऊन तो अंगणात बराच वेळ बसून राहिला होता. हे त्यानं मला डॉक्टर म्हणून सांगितलं नव्हतं, मित्र म्हणून सांगितलं होतं. ते मी परस्पर पोलिसांना सांगितलं असतं तर मैत्री संपली असती. लपवून ‘सर्व ठीक’ लिहिलं असतं तर सहीला अर्थ उरला नसता.

म्हणून त्याला सरळ सांगितलं. वैद्यकीय प्रमाणपत्र मी देणार नाही. ते तुला न ओळखणाऱ्या डॉक्टरकडून घे, मनोविकारतज्ज्ञाला दाखव आणि भावानंतरचं सगळं तूच त्यांना सांग. वागणुकीबद्दल मी लिहून देईन, पण जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच : किती वर्षं ओळखतो, व्यवहार कसा आहे, मारामारीत कधी पाहिला नाही. मनाच्या अवस्थेबद्दल त्यात शब्द नसेल, आणि तो का नाही असं पोलिसांनी विचारलं तर ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणेन. आणि हे सगळं करण्याआधी वहिनींना विचार, त्यांना घरात बंदूक हवी आहे का.

तो रागावला. ‘‘तुह्याकडून हे अपेक्षित नव्हतं,’’ म्हणाला. दोन महिने चहाला आला नाही. मग मनोविकारतज्ज्ञांकडे गेला. त्यांनी औषध सुरू केलं आणि सहा महिने थांबायला सांगितलं. आता तो झोपतो. अर्ज अजून दिलेला नाही. जंगलालगतच्या गावांसाठी सौर कुंपणाला अनुदान आहे, त्यासाठी वन विभागाकडे खेटे घालतो आहे. वहिनींनी काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मनाचा आजार म्हणजे धोकादायक माणूस, असा याचा अर्थ नाही. मानसिक आजार असलेले बहुसंख्य लोक कुणालाही इजा करत नाहीत. हिंसेच्या बाबतीत दारू आणि घरातली जुनी मारहाण यांकडे आधी पाहायला हवं. यवतमाळसारख्या जिल्ह्यात २०१५ पासून प्रेरणा प्रकल्पातून शेतकऱ्यांना मनाच्या दुखण्यासाठी दवाखान्यात या म्हणून आम्ही विनवतो आहोत. ‘तिकडे गेलो तर परवाना जाईल’ ही भीती बसली तर बंदूकवालाच सगळ्यात आधी उपचार टाळेल. म्हणून प्रमाणपत्रात फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ नको. ‘सध्या थांबा, सहा महिन्यांनी पुन्हा तपासू’ असा तिसरा पर्याय हवा. फ्रॅक्चरवाल्याला आपण असंच सांगतो, त्यात अपमान नसतो.

तपासणीही खरी हवी. जागतिक आरोग्य संघटनेनं दारूच्या सवयीसाठी दहा प्रश्नांची चाचणी तयार केली आहे. उदासीनतेसाठी नऊ प्रश्नांची आहे. दोन्हींना मिळून पंधरा मिनिटं लागतात. त्यासोबत झोप, गेल्या वर्षातलं एखादं मोठं नुकसान, पूर्वी स्वतःला इजा केली आहे का, वयस्कर असेल तर नजर आणि स्मरणशक्ती, घरात लहान मुलं आहेत का, बंदूक आणि काडतुसं वेगवेगळी कुलूपबंद राहतील का, एवढं विचारलं तरी आजच्या शिक्क्यापेक्षा ते कितीतरी बरं.

व्यवस्थेत मला तीन बदल हवे वाटतात. पहिला, प्रमाणपत्र देणारा डॉक्टर अर्जदाराचा नातेवाईक, मित्र किंवा धंद्यातला भागीदार नसावा, आणि तसं त्यानं लिहून द्यावं. दुसरा, नवऱ्याला परवाना देताना बायकोला, आणि बायकोला देताना नवऱ्याला, वेगळं बसवून विचारावं. कॅनडात जोडीदाराची सही अर्जावर मागतात. सही नसली म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, पण अधिकारी जोडीदाराला कळवतात. घरात काय चालतं हे गावातल्या प्रतिष्ठितापेक्षा तिला जास्त ठाऊक असतं. तिसरा बदल सगळ्यात सोपा आहे. निवडणूक आली की परवानाधारक आपली बंदूक ठाण्यात जमा करतो. कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही, शेतीही बुडत नाही. तीच सोय वाईट दिवसांसाठी का असू नये? घरात मृत्यू झाला, कर्ज थकलं, दारू वाढली, झोप उडाली, तर स्वतःहून किंवा घरच्यांच्या सांगण्यावरून बंदूक काही महिने ठाण्यात ठेवावी, परवान्याला धक्का न लागता परत मिळावी. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली. पाच वर्षांत माणसाच्या आयुष्यात काय काय होऊन जातं! मध्ये कुणीतरी विचारायला हवं.

वाचकांपैकी कुणी डॉक्टर असेल, कुणी सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक. अशी सही आज ना उद्या तुमच्याकडे मागितली जाईल. नाही म्हणायलाच हवं असं नाही. पण सहीआधी त्या माणसाच्या घरी एकदा जा. चहा घ्या, बंदूक कुठं ठेवणार ते बघा, झोप कशी लागते ते विचारा. जे पाहिलं तेवढंच लिहा. आणि सही केलीत तर नंतरही विचारपूस करा. परवान्यावर तुमचं नाव नसतं, पण तुमचा शब्द असतो. त्याचे दिवस वाईट चालले आहेत असं दिसलं तर ‘काही दिवस बंदूक ठाण्यात ठेव, मी सोबत येतो’ म्हणायला लाजू नका.

मनावर ओझं असेल, किंवा जवळच्या कुणाबद्दल अशी काळजी वाटत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करा. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.